बरणीत काय गेलं होतं, ते आधी विचारा

ग्लुटेन चालत नाही, पण पोटासाठी आंबवलेली प्रोबायोटिक पेयं घ्यावीशी वाटतात, अशा वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकसारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : मला सिलिॲकचं (ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते, तो आजार) निदान होऊन चार महिने झाले. आंबवताना जिवाणू ग्लुटेन खाऊन टाकतात, त्यामुळे कुठलंही आंबवलेलं पेय मला चालेल, असं एका ओळखीच्यांनी सांगितलं. हे खरं आहे का?

नाही, आणि या समजुतीने बरंच नुकसान होतं म्हणून सविस्तर सांगतो.

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतल्या प्रथिनांच्या गटाचं नाव. गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन असतं, जवात होर्डीन, रायमध्ये सेकॅलिन. या प्रथिनांमध्ये प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. प्रोलीन आलं की प्रथिनाच्या साखळीला असा बाक येतो की ती तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) तिथे नीट पकड मिळत नाही. आपल्या पोटातली विकरंही इथेच अडतात. ग्लायाडिनमध्ये ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे. तो जठरातल्या, स्वादुपिंडातल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या विकरांना पुरून उरतो, हे २००२ साली दाखवलं गेलं. सिलिॲकमध्ये प्रतिकारशक्तीला सगळ्यात जास्त चिथावणाऱ्या तुकड्यांपैकी तो एक आहे.

आंबवणारे जिवाणू साखळ्या काही प्रमाणात तोडतात, हे खरं. पण मोठ्या साखळीचे चार तुकडे झाले म्हणून त्रास देणारा भाग नाहीसा होत नाही. प्रयोगशाळेत निवडक लॅक्टोबॅसिलस आणि बुरशीपासून मिळवलेली विकरं एकत्र वापरून गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन जवळपास पूर्ण तोडता आलं आहे. तिथे जिवाणू कोणते, विकर किती, वेळ किती हे सगळं बांधलेलं होतं. स्वयंपाकघरातल्या बरणीत यातलं काहीच आपल्या हातात नसतं. एका खेपेला जास्त तुटेल, पुढच्या खेपेला कमी, आणि चवीवरून ते कळणार नाही.

म्हणून कुठलंही पेय समोर आलं की पहिला प्रश्न एकच विचारा : आंबवण्याआधी बरणीत काय गेलं होतं? चहा, साखर, दूध, फळं, भाज्या, तांदूळ यांत मुळात ग्लुटेन नसतं. गहू, जव, राय किंवा त्यांचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गेला असेल, तर ते पेय तुमच्यासाठी नाही, मग ते कितीही दिवस आंबवलेलं असो.

प्रश्न : कोंबुचा, केफीर, क्वास, रेजुव्हेलॅक अशी नावं सतत कानावर येतात. यांतली कोणती घ्यावीत, कोणती टाळावीत?

*कोंबुचा* म्हणजे चहा, साखर आणि स्कोबी. स्कोबी ही जिवाणू आणि यीस्ट यांनी मिळून तयार केलेली जाड, बुळबुळीत साय असते. साधा काळा किंवा हिरवा चहा वापरला असेल तर यात ग्लुटेन नाही. गडबड होते ती तीन ठिकाणी. एक, चहाऐवजी किंवा चहाबरोबर भाजलेल्या जवाचा चहा वापरलेला असतो, कारण त्याला खमंग चव येते. दोन, स्वादासाठी नंतर मिसळलेल्या गोष्टींत माल्ट असतो. तीन, जास्त अल्कोहोल असलेल्या ‘हार्ड’ कोंबुचात काही उत्पादक जवाच्या माल्टपासून केलेलं मद्य मिसळतात. कोंबुचा या एका नावाखाली या सगळ्या बाटल्या एकाच फळीवर बसतात, तेव्हा नावावर न जाता घटकांची यादी वाचा.

*दुधाचं केफीर* मूळ रूपात निर्धोक आहे : दूध आणि केफीरचे दाणे (जिवाणू आणि यीस्टचे मऊ गोळे), बाकी काही नाही. फळांच्या किंवा चॉकलेटच्या चवीच्या केफीरमध्ये मात्र माल्ट, धान्याचे कण किंवा दाटपणासाठी गव्हाचा स्टार्च असू शकतो. ओट्सच्या दुधाचं केफीर वेगळं धरा. ओट्समध्ये स्वतःचं ॲव्हेनिन असतं, जे सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना चालतं आणि थोड्यांना चालत नाही. पण शेतात, गाड्यांत आणि गिरणीत ओट्समध्ये गहू-जव इतक्या सहज मिसळतात की ‘ग्लुटेनमुक्त ओट्स’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर ते घेऊ नका. निदान नवं असताना ओट्स काही महिने बाजूलाच ठेवलेले बरे. म्हणजे त्रास झालाच तर तो कशाने, हा घोळ होत नाही.

*वॉटर केफीर* साखरेच्या पाण्यात होतं, त्यात बहुधा सुकं अंजीर किंवा खजूर टाकतात. पाणी आणि साखर ठीक आहेत. सुकामेवा बघून घ्या : खजुराचे तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना पीठ लावतात, आणि ते पुष्कळदा ओट्सचं असतं. अख्खा खजूर आणून घरी चिरला की हा प्रश्न मिटतो.

*क्वास* पारंपरिक पद्धतीने रायच्या पावापासून करतात. तो पूर्णपणे वर्ज्य. *बीटचा क्वास* वेगळा. १ लिटर पाणी, २५० ते ३०० ग्रॅम चिरलेलं बीट आणि १५ ते २० ग्रॅम मीठ, एवढ्यावर तो ४ ते ७ दिवसांत होतो. तरी विकतचा घेताना किंवा कुणी दिला तर विचारा, कारण आंबवण लवकर सुरू व्हावं म्हणून त्यात रायच्या पावाची कड टाकण्याची एक पद्धत आहे. कड नंतर काढून टाकली तरी तिचं ग्लुटेन पाण्यात उतरलेलं असतं.

*रेजुव्हेलॅक* हे मोड आलेले गहू पाण्यात एक-दोन दिवस भिजवून ठेवून केलेलं आंबूस पाणी. मोड आले की ग्लुटेन जातं असं म्हणतात. मोड येताना ते थोडं कमी होतं, जात नाही. राजगिरा किंवा किन्वाचे मोड वापरून केलेलं रेजुव्हेलॅक चालेल.

*बोझा* हे दाट आंबवलेलं पेय बाजरीवर्गीय धान्यांचं, मक्याचं किंवा गव्हाचं असतं, कित्येकदा मिश्रणाचं. खात्री नसेल तर नको. *अमाझाके* हे गोड जपानी पेय तांदळाचं असतं, पण ते गोड करणारी कोजी ही बुरशी कधी तांदळावर तर कधी जवावर वाढवतात. ‘तांदळाची कोजी’ असं लिहिलेलं असायला हवं.

आणि एक नाव उलट्या बाजूने फसवतं. बकव्हीटच्या नावात ‘व्हीट’ आहे, पण ते गव्हाच्या कुळातलं नाही आणि त्यात ग्लुटेन नसतं. शुद्ध बकव्हीटपासून केलेलं पेय उगाच टाळू नका.

प्रश्न : जवाच्या माल्टपासून केलेल्या एका प्रोबायोटिक पेयाच्या उत्पादकाने प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला. त्यात ग्लुटेन ५ पीपीएमपेक्षा (म्हणजे किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा) कमी होतं. ‘ग्लुटेनमुक्त’साठीच्या २० च्या मर्यादेत आहे म्हणजे चालेलच ना?

या आकड्यावर विसंबू नका. प्रयोगशाळेने खोटं लिहिलं असं मुळीच नाही. चाचणी जे मोजते आणि तुम्हाला जे हवं आहे, त्यात अंतर आहे.

ग्लुटेन मोजायला एलायझा नावाची चाचणी वापरतात. तिच्या नेहमीच्या ‘सँडविच’ प्रकारात दोन प्रतिपिंडं असतात आणि प्रथिनाला दोन्हीकडून पकडावं लागतं, कढई दोन कानांना धरून उचलतात तशी. न आंबवलेल्या पिठात साखळ्या अख्ख्या असतात, कान भरपूर, त्यामुळे मोजमाप चोख येतं. आंबवल्यावर साखळ्यांचे तुकडे होतात. ज्या तुकड्याला एकच कान उरला, तो या चाचणीच्या हाती लागत नाही. आतड्याला मात्र तो एक कानही पुरतो. त्यामुळे आकडा खाली येतो आणि धोका आहे तिथेच राहतो.

यावर ‘कॉम्पिटिटिव्ह’ एलायझा हा दुसरा प्रकार आहे. त्याला एकाच ठिकाणची पकड पुरते, म्हणून आंबवलेल्या पदार्थांसाठी तो बरा. पण मोजायचं तर तुलनेला ठरावीक प्रमाण लागतं, आणि प्रत्येक बरणीत तुकड्यांचं मिश्रण निराळं. त्यामुळे आलेल्या आकड्यावरून मुळात किती ग्लुटेन होतं, हे खात्रीने काढता येत नाही. याच कारणामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये आंबवलेल्या आणि विघटित पदार्थांसाठी वेगळा नियम केला : अशा पदार्थावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं असेल, तर आंबवण्याआधीच कच्चा माल ग्लुटेनमुक्त होता याच्या नोंदी उत्पादकाने ठेवायच्या. तयार मालाच्या अहवालावर भागणार नाही.

तेव्हा उत्पादकाला हेच विचारा : आंबवण्याआधीच्या मालाची चाचणी झाली आहे का, आणि कोणत्या पद्धतीने? माल जवाचा आहे म्हटल्यावर उत्तर ठरलेलंच आहे. विकरं घालून ‘ग्लुटेन काढलेल्या’ पेयांनाही हेच लागू. ऊर्ध्वपातनाची गोष्ट वेगळी. त्यात वाफ वर जाते आणि प्रथिनं भांड्यातच राहतात. आंबवण्यात काहीही मागे राहत नाही, सगळं तुमच्या पेल्यात येतं.

२० या आकड्याबद्दलही थोडं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ग्लुटेनमुक्त म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत. हे प्रमाण आहे, मात्रा नाही. २० पीपीएमच्या काठावरचं पेय २५० मिलि प्यायलात तर ५ मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जातं, अर्ध्या लिटरला १० मिलिग्रॅम. दिवसभरात सगळ्या अन्नातून मिळून १० मिलिग्रॅमच्या आत राहणं सिलिॲकच्या बहुतेकांना झेपतं. रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने घेतल्यावर आतड्याच्या अस्तराला इजा झाल्याचं २००७ च्या एका अभ्यासात दिसलं. पावाच्या एका कापात २,००० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं, म्हणजे ५० मिलिग्रॅम हा त्या कापाचा चाळिसावा भाग झाला. पेयं मोठ्या मात्रेत आणि रोज घेतली जातात, म्हणून त्यांच्या बाबतीत बिस्किटापेक्षा जास्त काटेकोर राहावं लागतं.

प्रश्न : घरी वापरायच्या ग्लुटेन पट्ट्या मिळतात. त्यांनी कोंबुचा तपासला तर?

पट्टी नकारात्मक आली म्हणून पेय पिऊ नका. बऱ्याच पट्ट्या वर सांगितलेल्या दोन कानांच्या तत्त्वावरच चालतात, म्हणून तुकडे त्यांना दिसत नाहीत. शिवाय कोंबुचात चहाचं टॅनिन असतं. ते प्रथिनांना घट्ट चिकटतं आणि नमुन्यातून ग्लुटेन सुटूच देत नाही. प्रयोगशाळेत चहा-कोकोसारख्या पदार्थांचे नमुने करताना त्यात मुद्दाम साय काढलेल्या दुधाची पावडर किंवा माशांपासूनचं जिलेटिन घालतात, म्हणजे टॅनिन त्याला चिकटतं आणि ग्लुटेन मोकळं राहतं. आम्लही अडथळा आणतं.

तुमची पट्टी तुमच्या पेयात काम करते का, हे मात्र पाहता येतं. १०० मिलि पाण्यात १ ग्रॅम मैदा चांगला घोळवा आणि घोळ ढवळत असतानाच त्यातले १० मिलि काढून १०० मिलि कोंबुचात मिसळा. यात ढोबळमानाने ७० पीपीएमच्या आसपास ग्लुटेन येतं. या नमुन्यावर पट्टीच्या सूचनेप्रमाणे सगळ्या पायऱ्या करा. रेघ उमटली नाही, तर ती पट्टी या पेयासाठी निरुपयोगी आहे असं समजा. मैदा अंदाजाने जास्त टाकू नका, कारण ग्लुटेन फारच जास्त असलं तरीही काही पट्ट्या उलट नकारात्मक दाखवतात. हा प्रयोग स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब, टाकाऊ भांड्यात आणि शक्यतो घरातल्या ज्याला ग्लुटेन चालतं त्याने करावा.

रेघ उमटली तरी त्याचा अर्थ अख्खं ग्लुटेन पकडता येतं एवढाच. आंबवून तुटलेल्या ग्लुटेनबद्दल पट्टी काही सांगत नाही. जिथे पट्टी खरी उपयोगी पडते ती जागा वेगळी आहे : बरणीत जाण्याआधीची चहाची पूड (टॅनिनसाठीची वेगळी पद्धत दिली असेल तर), सुकामेवा, ओट्स आणि धुतलेल्या भांड्याचा पृष्ठभाग.

प्रश्न : मैत्रिणीने स्कोबी दिली. ती जवाच्या चहात कोंबुचा करते, हे मागाहून कळलं. स्कोबी धुऊन घेतली तर चालेल का?

शक्य असेल तर ही स्कोबी सोडून द्या आणि साध्या चहात वाढलेली दुसरी आणा. का, ते हिशेबाने बघू.

स्कोबीबरोबर आंबट पाणीही येतं, साधारण १०० मिलि. समजा त्यात लिटरमागे १,००० मिलिग्रॅम ग्लुटेन आहे, म्हणजे या १०० मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम. नवी खेप १ लिटरची केलीत तर तिच्यात १०० पीपीएम आलं. त्यातलं १०० मिलि पुढच्या लिटरला वापरलं की १० पीपीएम, त्याच्या पुढच्याला १. म्हणजे पहिल्या दोन-तीन खेपा पूर्ण टाकून दिल्या तर पाण्यातलं ग्लुटेन कागदावर तरी नगण्य होतं.

अडचण आहे ती सायीची. स्कोबी उजेडात धरून बघा : ती पापुद्र्यांवर पापुद्रे चढून झालेली असते, आणि खालच्या बाजूला तपकिरी धागे लोंबत असतात. त्या पापुद्र्यांमध्ये जवाचे सूक्ष्म कण आणि जुना साका अडकून राहतो. वरून पाणी सोडलं की बाहेरचं निघतं, आतलं नाही. ते पुढच्या कितीतरी खेपांत थोडं थोडं सुटत राहतं, आणि वरचा दहापटींचा हिशेब तिथे लागू पडत नाही.

दुसरी स्कोबी मिळतच नसेल, तर साय अजिबात घेऊ नका. फक्त आंबट पाणी कागदी फिल्टरमधून गाळून घ्या. कोंबुचाला सायीची गरज नसते, जिवाणू आणि यीस्ट पाण्यातही असतात, साय नवी धरते. अशा सलग चार खेपा करा, प्रत्येक वेळी वरची साय आणि तळाचा साका टाकून द्या, फक्त वरचं निवळ १०० मिलि पुढे न्या. पाचवी खेप वापरायला घ्या. सिलिॲक असलेल्याने हाही मार्ग नाइलाजाचाच समजावा.

केफीरच्या दाण्यांनाही हेच. ओट्सच्या दुधात वाढलेले दाणे कोबीच्या फुलासारखे घड्याघड्यांचे असतात आणि त्या घड्यांत पीठ बसतं. नवे दाणे घेणं सोपं.

प्रश्न : लेबलवर माल्टोडेक्स्ट्रिन, यीस्ट अर्क, ‘नैसर्गिक स्वाद’ असं लिहिलेलं असतं. यातलं धोक्याचं काय?

माल्टोडेक्स्ट्रिन चालतं. नाव माल्टसारखं असलं तरी तो स्टार्च तोडून केलेला पदार्थ आहे. तो गव्हाच्या स्टार्चपासून केला तरी त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही. ग्लुकोज सिरपचंही तसंच.

माल्ट, माल्ट अर्क, माल्ट सिरप, माल्ट व्हिनेगर : हे शब्द दिसले की बाटली परत ठेवा. माल्ट म्हटलं की तो बहुधा जवाचाच. यीस्ट अर्कात फरक करावा लागतो. बेकरीचं यीस्ट साखरेच्या मळीवर वाढवतात, त्यात ग्लुटेन नसतं. बिअर करून उरलेल्या यीस्टचा अर्क असेल तर त्यात जव असतो. नुसतं ‘यीस्ट अर्क’ लिहिलं असेल आणि ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलेलं नसेल, तर उत्पादकाला विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘नैसर्गिक स्वाद’ यालाही हाच न्याय.

गव्हांकुर आणि जवांकुराचा रस असलेली हिरवी पेयं हल्ली पुष्कळ दिसतात. पानात ग्लुटेन नसतं, ते दाण्यात असतं. पण कापताना मुळाशी चिकटलेला दाणा सोबत आला तर आलाच. उत्पादकाने ग्लुटेनमुक्त असल्याचं छातीठोक लिहिलं नसेल तर ती पेयं नकोत. ‘गहूमुक्त’ म्हणजे ग्लुटेनमुक्त नव्हे, जव आणि राय त्यात असू शकतात.

प्रश्न : पेयांपेक्षा प्रोबायोटिकच्या कॅप्सूल सुरक्षित नाहीत का?

तसं गृहीत धरू नका. कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये २२ प्रोबायोटिक उत्पादनं तपासली. १२ मध्ये ग्लुटेन सापडलं आणि ४ मध्ये ते २० पीपीएमच्या वर होतं. कॅप्सूल लहान असल्याने तिच्यातून जाणारं ग्लुटेन अत्यल्प असतं, हेही लक्षात घ्या : अर्ध्या ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये १०० पीपीएम असलं तरी ते ०.०५ मिलिग्रॅम झालं. पण त्या पावडरीने तुम्ही घरी लिटरभर दूध आंबवणार असाल, तर मूळ पावडर कशावर वाढवली आणि तिच्यात भर म्हणून कोणता स्टार्च घातला, ते विचारून घ्या.

प्रश्न : घरी साधा चहा-साखरेचा कोंबुचा करते. ग्लुटेन येण्याचा प्रश्नच नाही. तरी प्यायल्यावर पोट फुगतं. मला सिलिॲक नाही, ‘ग्लुटेन संवेदनशीलता’ आहे.

मग ग्लुटेनला सोडा आणि पेयाकडे बघा. कोंबुचात वायू असतो, आम्ल असतं, कॅफीन असतं, थोडं अल्कोहोल असतं आणि न आंबलेली साखर उरलेली असते. आंबवलेल्या पदार्थांतलं हिस्टमीनही काहींना सोसत नाही, त्यांना डोकेदुखी होते किंवा अंगावर लाली येते. विकतच्या पेयांत ‘प्रीबायोटिक’ म्हणून चिकोरीचं इन्युलिन घालतात. ते फ्रुक्टान (आतड्यात आंबून वायू करणारं कर्बोदक) आहे, आणि फ्रुक्टान गव्हातही असतं. नॉर्वेमध्ये सिलिॲक नसलेल्या पण स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांवर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना न सांगता आळीपाळीने ग्लुटेन, फ्रुक्टान आणि दोन्ही नसलेला खाऊ दिला. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानने झाला. तुमच्याही बाबतीत असं असेल का, हे तपासायला हवं.

दोन आठवडे सगळी आंबवलेली पेयं बंद करा. मग कोंबुचा पेल्यात ओतून, ढवळून, वायू जाऊ द्या आणि जेवणाबरोबर ५० मिलि घ्या, तीन दिवस. त्रास नसेल तर १०० मिलि, पुढचे तीन दिवस. वायू घालवल्यावर फुगणं थांबलं तर कारण सापडलं. नाही थांबलं तर १० ते १२ दिवस आंबवून साखर कमी केलेला कोंबुचा घेऊन बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि ‘सिलिॲक नाही’ हे कशावरून ठरलं, ते एकदा तपासा. रक्तातली टीटीजी-आयजीए चाचणी, सोबत एकूण आयजीए, ही आहारात ग्लुटेन चालू असतानाच करायची असते. आधीच ग्लुटेन सोडून मग केलेली चाचणी नकारात्मक आली तर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. फरक मोठा आहे. संवेदनशीलतेत चुकून थोडं गेलं तर दोन दिवस त्रास होतो. सिलिॲकमध्ये काहीही न जाणवता आतड्याचं अस्तर झिजत राहू शकतं, म्हणून ‘मला तर काही झालं नाही’ ही कसोटी तिथे चालत नाही. गव्हाची ॲलर्जी हा तिसराच प्रकार, त्यात श्वास अडकण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

प्रश्न : घरात बाकीच्यांना पाव, पीठ सगळं लागतं. अशा स्वयंपाकघरात सुरक्षित कोंबुचा कसा करायचा?

बरणी काचेची आणि फक्त याच कामाची ठेवा. लाकडी चमचा, जुनी गाळणी, पीठ चाळायचं फडकं वापरू नका, या तीन गोष्टींत पीठ सर्वांत जास्त लपतं. चकाकी दिलेलं मातीचं भांडंही नको, आम्लामुळे त्यातलं शिसं पेयात उतरू शकतं. ज्या दिवशी घरात पीठ मळलं किंवा चाळलं जातं, त्या दिवशी बरणी उघडू नका, कारण मैद्याची धूळ बराच वेळ हवेत राहते.

१ लिटर पाण्याला ६ ग्रॅम चहा आणि ७० ग्रॅम साखर. चहा १० मिनिटं मुरवा, गाळा, कोमट नव्हे तर पूर्ण गार होऊ द्या. गरम चहात स्कोबी घातली की जिवाणू मरतात, आणि मग आंबण्याआधी बुरशी धरते. १०० ते १५० मिलि आधीचा आंबट कोंबुचा घाला, त्यानंतर स्कोबी. तोंडाला घट्ट विणीच्या स्वच्छ कापडाचा दादरा बांधा. २२ ते २८ अंश तापमानात ७ ते १० दिवस ठेवा. पीएचच्या कागदी पट्ट्या आणा : सात दिवसांत आकडा ४.२ च्या खाली आला नाही तर ती खेप टाकून द्या, आणि २.५ च्या खाली जाऊ देऊ नका. तपकिरी धागे आणि तळाचा साका हे यीस्टचे, त्यांना घाबरू नका. वर कोरडे, केसाळ, हिरवे किंवा काळे ठिपके दिसले तर सायीसकट सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

निरोगी मोठ्या माणसाने दिवसाला साधारण १२० मिलिपर्यंत राहावं. १९९५ मध्ये अमेरिकेत कोंबुचा पिणाऱ्या दोघींची तब्येत गंभीर बिघडल्यानंतर तिथल्या रोग नियंत्रण केंद्राच्या अहवालात हेच प्रमाण आलं होतं. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांनी घरचा कोंबुचा घेऊ नये. सिलिॲकचं निदान नवं असेल तर आतड्याला आलेली सूज उतरेपर्यंत दुधातली साखरही नीट पचत नाही, तेव्हा केफीर चमचाभराने सुरू करा. त्यात लॅक्टोज कमी असतं, पण असतं.

प्रश्न : ग्लुटेन पचवणारी गोळी घेऊन रायचा क्वास प्यायला तर?

नको. या गोळ्या पोटात सगळं ग्लुटेन वेळेत तोडत नाहीत, आणि सिलिॲकमध्ये आहाराऐवजी त्या वापरता येत नाहीत. क्वासच्या आंबट-मातकट चवीची ओढ असेल तर बीटचा करा, पावाची कड न घालता. तिसऱ्या दिवसापासून रोज एक घोट चाखून बघा, खारटपणा मागे पडून आंबटपणा पुढे आला की गाळून थंड जागी ठेवा.